चार खांद्यांचं फाटक

काशीचं लग्न झालं ते साल १९८३. वैशाखातलं लग्न. काशी म्हणजे बोनकोड्याच्या गोजराबाई म्हात्रेची धाकटी लेक. तिच्या हळदीच्या दिवशी घरामागच्या वाडीतून तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं, आणि म्हात्र्यांच्या घराला फाटक बसलं ते त्या घंगाळापायी.

पुढच्या अंगणात मांडव होता. मांडवात हळद लागत होती, धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, झाडून सगळी बायामाणसं तिकडे. मागच्या चुलीवर पाणी तापवून नवरीच्या अंघोळीसाठी घंगाळात काढून ठेवलं होतं. गोजराबाईची सून जयमाला बघायला गेली, तर घंगाळ जागेवर नाही. पाणी मात्र चिकूच्या मुळाशी ओतलेलं, आणि मातीतून वाफा निघत होत्या.

गोजराबाई धावत आली. चिकूच्या बुंध्याला हात लावून तिनं असा आवाज काढला, की धवलारीणसुद्धा गाणं विसरली.

"नेलास तं नेलास, पन माजा चिकू कशाला उकडलास रे मेल्या!"

सगळा मांडव हसला. नंदकिशोर हसला नाही. नंदकिशोर तिचा थोरला मुलगा. बाप गेल्यापासून घर त्याच्याच शब्दावर चालायचं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषधांच्या एका कंपनीत तो स्टोअरला होता. पाहुण्यांसमोर, लग्नघरात, भरदिवसा चोरी झाली, म्हणजे आपल्या तोंडाला काळं फासलं गेलं असं त्यानं घेतलं. पाठवणी झाली, मांडव उतरला, तरी त्याच्या डोक्यातून घंगाळ उतरेना.

"आय, दिवस बदलले," तो म्हणाला. "समोर बिल्डिंगी उठल्यात. वाशीला मार्केट झाल्यापासून रस्त्याला ट्रक काय, टेम्पो काय. कोन कुठला, आपल्याला काय माहीत? आन आपलं अंगन बघ. बसस्टॉपवर उभं ऱ्हायल्यासारखं कोनपन येतो, कोनपन जातो."

"येतील नाय तं काय. अंगन हाय ते."

म्हात्र्यांच्या शेतजमिनी नव्या शहरात गेल्या होत्या. उरलं होतं ते घर आणि घराभोवतीची वाडी. पुढे जिथं पूर्वी खळं होतं तिथं आता तुळस, मोगरा, दोन आंबे. भोवतीनं अडुळशाचं कुंपण, आणि कुंपणाच्या मध्ये रस्त्याकडे उघडणारी रुंद मोकळी वाट. त्या वाटेला दार कधी नव्हतंच. दार घराला असतं, वाटेला कसं असेल, असं गोजराबाईचं म्हणणं.

लग्नानंतर तिची पेणची बहीण आजारी पडली, म्हणून ती तिकडे गेली. मृगाच्या तोंडावर परत आली, आणि रस्त्यावरच थबकली. पहिल्यांदा तिला वाटलं, आपण भलत्याच घरासमोर उतरलो.

अडुळसा गेला होता. त्याच्या जागी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीची भिंत, भिंतीवर सिमेंटात रोवलेल्या फुटक्या बाटल्यांच्या काचा. भिंतीत दोन जाडजूड खांब, आणि खांबांच्या मध्ये लोखंडी फाटक. वर भाल्याची टोकं, आतून कडी, कडीला कुलूप. फाटक इतकं अरुंद की बघूनच तिला धाप लागली. फाटकाच्या आत लोखंडी पाइपाचा आडवा कठडा होता. आत शिरणाऱ्यानं आधी उजवीकडे वळायचं, कठडा संपला की डावीकडे वळायचं, मग ओटा.

फाटकावर एक पाटी होती. पाटीवर दात काढलेल्या कुत्र्याचं तोंड.

"जयमाले!" तिनं रस्त्यावरूनच हाक मारली. "ह्यावर काय लिवलंय गो?"

जयमाला कुलूप काढायला किल्ली घेऊन आली होती. ती घुटमळली. "कुत्र्यापासून सावध राहा, आत्या."

"आपले घरात कुत्रा कवा आनला?"

"आनला नाय."

"म्हंजे मग ह्या घरात भुंकनार कोन? मी?"

जयमालेला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. गोजराबाई मात्र फाटकातच उभी राहिली. डोक्यावरचं गाठोडं तिनं खाली ठेवलं, कोपर दुमडून दोन्ही हात बाजूला पसरले. उजवं कोपर एका खांबाला लागलं, डावं दुसऱ्या खांबाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण तिनं काय मोजलं ते तिला ठाऊक होतं. तिचा नवरा गोटीराम १९७४ सालच्या पावसाळ्यात गेला. चौघांनी त्याला ओट्यावरून उचललं, ते सरळ. तुळशीच्या बाजूनं, मोकळ्या वाटेनं, रस्त्याला आणि रस्त्यानं खाडीकडे. पुढे दोघं, मागे दोघं, मध्ये तो. कुठं अडला नाही, कुठं वाकडा झाला नाही. जन्मभर ज्या माणसानं भाताचे भारे ह्याच वाटेनं आत आणले, तो त्याच वाटेनं ताठ बाहेर गेला. त्या दिवशी रडता रडता तिनं तेवढं एक पाहून ठेवलं होतं. आपल्यालाही असंच न्यायचं. दुसरं काही तिला मागायचं नव्हतं.

ह्या फाटकातून चार खांदे जात नव्हते. एकामागे एक दोन माणसं गेली असती, आणि मध्ये तिला कशी धरली असती? गोणीसारखी? कठड्याला वळसा घालताना उभी केली असती, आडवी केली असती, पाय इकडे आणि डोकं तिकडे. आणि लोक म्हणाले असते, सांभाळून रे, काच लागेल.

हे बोलायची सोय नव्हती. लेकराच्या तोंडावर आपल्या तिरडीची गोष्ट कोण काढेल? आत्ताच घरात लग्न झालेलं. म्हणून संध्याकाळी नंदकिशोर कामावरून आला तेव्हा तिनं दुसरंच विचारलं. ते दुसरंही खोटं नव्हतं.

"नंदू, ह्यातनं पालखी कशी येल?"

गावदेवीची पालखी चैत्रातल्या जत्रेला गावातल्या प्रत्येक अंगणात यायची. दोन दांड्यांची पालखी, पुढे दोघं आणि मागे दोघं खांदा देणारे. अंगणात नाचवायची, घरच्या बाईनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची. निघाल्यापासून देवळात परत जाईपर्यंत पालखी जमिनीवर टेकवायची नाही आणि कलती करायची नाही.

"पालखी चैत्रात," नंदकिशोर बूट काढत म्हणाला. "आता जेठ चालू हाय. तवाचं तवा बघू. तू टेन्शन घेऊ नको."

"पन एवढं बारीक कशाला केलास? हातपाय पसरून चाललं तं काय देवानं दंड लावलाय?"

मग त्यानं तिला समजावलं. मनापासून समजावलं, कारण फाटक ही त्याची स्वतःची अक्कल होती आणि त्याला तिचा अभिमान होता. "आमचे कंपनीत कसंय आय, शेकडो लोक आतबाहेर करतात. पन गेट असंच. एका टायमाला एकच मानूस. वळून जायचं, वॉचमननं बघायचं, मग बाहेर. आतली टाचनी बाहेर जात नाय. चोराला काय पाहिजे? मोकळी वाट. मोठं सामान घेऊन ह्या गेटातनं पळून दाखवू दे कोन."

"माजं घर तुजी कंपनी हाय?"

"आय..."

"मना पन आतबाहेर करताना तपासनार का? झोळी दाव म्हनशील?"

नंदकिशोरनं हात जोडले आणि तो अंघोळीला गेला. गोजराबाई ओट्यावर बसून कठड्याकडे बघत राहिली. ह्या माणसानं घराच्या भल्यासाठीच केलं होतं. तोच तिचा खरा संताप होता. वाईटासाठी केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती.

दुसऱ्या दिवसापासून ती त्या फाटकातून गेली नाही.

भिंत घराच्या मागेही होती, पण गोठ्यापाशी ती संपत होती. गोठ्याचं एक दार वाडीत आणि दुसरं मागच्या बोळात. म्हशी त्या दारानं जायच्या. गोजराबाईही त्याच दारानं जाऊ लागली. देवळात जायचं, गोठा. दुकानात जायचं, गोठा. पावसाळ्यात गोठ्यात घोट्यापर्यंत शेणाचा रबडा व्हायचा, त्यातून लुगडं खोचून ती जायची, आणि बोळाच्या तोंडाशी नळावर पाय धुताना जी कोणी भेटेल तिला सांगायची, "मानसाचे दारात मी मावत नाय बाय. म्हशींनी जागा दिली."

गावात ही गोष्ट हां हां म्हणता पसरली. जयमाला पाण्याला गेली की बाया विचारायच्या, "काय गो, सासूला दावन बांधतेस का मोकळी सोडतेस?" जयमाला रडकुंडीला यायची.

"आत्या, लोक मना नावं ठेवतात. तुमी एकदा तरी पुढून जा."

"तुना नावं ठेवतात? ज्यानं बांधलं त्याला ठेवाय सांग. तुजा काय गुन्हा."

दिवाळे गावची दुर्गाबाई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन यायची. वर्षानुवर्षं ती थेट ओट्यावर येऊन पाटी उतरवायची, चहा घ्यायची, आणि खाडीकाठच्या सगळ्या गावांच्या भानगडी सांगून मग उठायची. आता तिला पाटीवरचं कुत्र्याचं तोंड दिसलं. तिचा कुत्र्यांवर भरवसा नव्हता. लहानपणी पोटरीला चावा बसलेला. ती रस्त्याच्या पलीकडूनच हाका मारायची आणि जयमालेनं भांडं घेऊन बाहेर जायचं. पावसाळा निम्मा सरल्यावर तिनं एक दिवस गोजराबाईला नळावर गाठलं.

"गोजरे, तुजा कुत्रा भुंकत कसा नाय गो? फार वंगाळ जात दिसते."

"तो मीच हाय," गोजराबाई म्हणाली. "ये आत. चावनार नाय."

दोघी गोठ्यातून आत गेल्या, आणि त्या दिवशी म्हशींच्या शेजारी दोन पाट टाकून दुर्गाबाईनं चहा घेतला. घरात येणारं माणूस रस्त्यावर उभं राहतं आणि घरातलं माणूस गोठ्यातून फिरतं, मग हे फाटक राखतं तरी काय, असं गोजराबाईनं रात्री जेवताना विचारलं. नंदकिशोरनं भाताचा घास तसाच ताटात ठेवला.

"आय, ह्या पावसाळ्यात गावात चार घरी चोऱ्या झाल्या. आपले घरी झाली?"

ह्याचं उत्तर दिवाळीच्या आधी चोरानंच दिलं. गोठ्यात डालग्याखाली झाकलेल्या दोन कोंबड्या आणि खुंटीवरचा नवा दोर गेला. बोळाकडचं दार गोजराबाईच्या येण्याजाण्यासाठी नुसतं लोटलेलं असायचं.

आता नंदकिशोरची पाळी होती. "बघलंस? पुढनं चोर येत नाय म्हनून तू मागनं वाट केलीस त्याला. तुज्या हट्टानं कोंबड्या गेल्या!"

"माज्या हट्टानं? वाटेची वाट ठेवली असतीस तं मी पुढनं गेले असते. कोंबड्या तुज्या गेटानं खाल्ल्या."

मायलेकांचं बोलणं त्या दिवशी तुटलं. निरोप जयमालेच्या तोंडून जायचे. "आत्यांना सांग, जेवून घ्या." "त्याला सांग, जेवले." एकाच खोलीत, एकमेकांना ऐकू जाईल अशा आवाजात. नंदकिशोरनं बोळाकडच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मात्र गुपचूप आईच्या पानाच्या डब्याशेजारी ठेवून दिली. गोजराबाईनं ती कमरेला खोचली. ती कुलूप काढायची, जायची, परत लावायची, पण पुढून जायची नाही.

चैत्र आला. जत्रेच्या दिवशी दुपारीच ढोल ऐकू येऊ लागले. गोजराबाईनं अंगण सारवून घेतलं, तुळशीपुढे रांगोळी काढली, ओटीचं तबक भरलं, पायांवर घालायचं पाणी कळशीत तयार ठेवलं. फाटकाकडे ती गेलीच नाही. जयमालेनं दोनदा विचारलं, "आत्या, पालखीचं काय करायचं?" दोन्ही वेळा ती ओटीचं तबक नीट करत राहिली.

नंदकिशोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकात उभा होता. त्यानं आपल्या परीनं तयारी केली होती. फाटक सताड उघडं, कुत्र्याची पाटी काढून ठेवलेली, रस्त्यावर खुर्ची, खुर्चीवर नवी चादर, हळदकुंकू.

पालखी गुलालात न्हालेली, नाचत नाचत आली आणि फाटकासमोर थांबली. पुढचा उजवा खांदा सितारामचा. सिताराम गोटीरामचा चुलतभाऊ, पालखीचा मानकरी, गोजराबाईचा दीर. त्यानं एकदा खांबांकडे बघितलं, एकदा कठड्याकडे, आणि मग आत ओट्यावर उभ्या असलेल्या भावजयीला मोठ्यानं विचारलं,

"वयनी! देवीला वळसा घालून आनायची, का रांगेत उभी करून एकेक आत सोडायची?"

रस्त्यावर हशा पिकला. ढोलवाल्यांनी उगाच दोन टिपऱ्या जोरात मारल्या. मागच्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आधी देवीचं हजेरीचं कार्ड दाखव रे!"

नंदकिशोरचा चेहरा शर्टाइतका पांढरा झाला. "काका, हितंच ओटी भरू. चादर टाकलीय खुर्चीवर. देवीला काय, भाव लागतो."

"खुर्चीवर?" गोजराबाई ओट्यावरून गरजली. कोंबड्या गेल्यापासून मुलाशी बोललेला हा तिचा पहिला शब्द. "पालखी टेकवायची? तुज्या बापाचे दारात पालखी टेकली होती कवा? भाव तुज्या कंपनीचे गेटात दाव!"

"मग काय करू? भिंतीवरनं घेऊ?"

"काचा हायत ना वर. देवीचे पाय कापतील."

"थोडी कलती केली तं जाईल," मागचा एक खांदेकरी हळूच म्हणाला. सितारामनं मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही.

पालखी थांबली होती, पण खाली ठेवता येत नव्हती. चौघांचे खांदे भरून आले. दुसरे चौघं आले, खांदा बदलला. ऊन तापलं होतं. पुढची घरं वाट बघत होती. सिताराम म्हणाला, "वयनी, पुढं नेऊ का?" त्याच्या आवाजात आता टोमणा नव्हता. म्हात्र्यांचं अंगण वगळून पालखी पुढे गेली असती, तर ते गावानं पिढ्यानपिढ्या सांगितलं असतं.

"नेऊ नको," गोजराबाई म्हणाली. "खांदा बदलत ऱ्हा."

ती गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. खळ्यातले खांब उपटायची जुनी, गोटीरामची पहार. पदर कमरेला बांधून ती अंगणातून चालत आली, कठड्याला वळसा घातला, आणि जवळजवळ वर्षभरानंतर पहिल्यांदा त्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. सगळी शक्ती लावून तिनं डावीकडच्या खांबावर पहार घातली. गिलाव्याचा एक टवका उडाला. दुसरा घाव घसरला. तिसऱ्याला पहार हातातून निसटता निसटता राहिली.

ढोल थांबले. कोणी हसत नव्हतं. साठीच्या पुढची बाई सिमेंटच्या खांबाशी मारामारी करते, आणि खांबाला काही होत नाही, हे बघणं कुणाला सोसत नव्हतं.

"आय, सोड," नंदकिशोर म्हणाला.

"नाय सोडनार."

"सोड म्हनतो ना! मना दे."

त्यानं पहार तिच्या हातातून ओढून घेतली. क्षणभर कुणालाच कळेना तो काय करणार. मग त्यानं पाय फाकवून घाव घातला तो खांबाच्या बुडाशी. त्यानंच बांधून घेतलेला खांब, त्यात कुठे विटा आणि कुठे गज ते त्याला माहीत होतं. घावामागून घाव घालत तो बोलत होता, दात खाऊन, शर्ट सिमेंटच्या धुळीनं माखत, "घे! झालं? आता चोर आयले तं तू राख! घंगाळ नेऊ दे, भांडी नेऊ दे, मना पन उचलून नेऊ दे! नको मना गेट! नको मना काय!"

खांब कलला. पोरं पुढे झाली, खांब आणि फाटक धरून रस्त्याच्या कडेला आडवं केलं. कठडा चौघांनी हलवून हलवून उपटला. नंदकिशोर पहार टाकून भिंतीला टेकला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुळीनं असेल असं लोकांनी मानलं.

पालखी आत आली. सरळ आली. तुळशीपुढे नाचली. गोजराबाईनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली. सितारामच्या पायांवर पाणी घालताना तो हळूच म्हणाला, "वयनी, देवीसाठी एवढं?"

"देवीसाठीच," ती म्हणाली, आणि मग फक्त त्याला ऐकू जाईल असं, "आन माज्यासाठी. तुमचे भावाला नेला तशीच मना न्या."

सितारामनं खांदा सावरला.

नवीन फाटक लगेच झालं, कारण तोडलेल्या भिंतीतून आता कुत्रीसुद्धा खरोखरीची येऊ लागली. ह्या खेपेला नंदकिशोरनं वेल्डर मारोतीला बोलावलं, पण माप मीच देतो म्हणाला. त्यानं सितारामला आणि शेजारच्या तिघांना बोलावून आणलं. गोठ्यातली लाकडी शिडी काढली. चौघांच्या खांद्यावर ती शिडी दिली, पुढे दोघं, मागे दोघं, आणि ओट्यावरून रस्त्यापर्यंत त्यांना चालायला लावलं. सरळ. तुळशीच्या बाजूनं.

"पालखीला इतकी जागा कुठं लागते?" मारोती म्हणाला. "थोडं कमी केलं तरी..."

"तू खुना कर," नंदकिशोर म्हणाला.

गोजराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. शिडी खांद्यावर घेतलेली चार माणसं तिच्यासमोरून गेली. सितारामनं सांगितलं असेल, किंवा नसेलही. पोरगा तिच्याच पोटचा होता. नंदकिशोरनं तिच्याकडे बघितलं नाही, आणि तिनंही त्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी तिनं त्याच्यासाठी स्वतः बोंबलाचं कालवण केलं.

फाटक दोन झडपांचं झालं. एक झडप रोजच्या वापराची, तिला कडी-कुलूप. दुसरी मोठी, खाली जमिनीत खीळ घालून बंद केलेली, ती फक्त वर्षातून एकदा पालखीला उघडायची. वर भाले नव्हते. कुत्र्याची पाटी परत लागली नाही. गोजराबाई पुढून येऊ-जाऊ लागली, दुर्गाबाई ओट्यावर बसू लागली. चोऱ्या गावात होत राहिल्या. म्हात्र्यांकडे पुन्हा कधी झाली नाही, आणि ह्याचं श्रेय मायलेक दोघंही फाटकालाच द्यायचे, आपापल्या कारणानं.

दोन चैत्र पालखी त्या फाटकातून आली.

मग नंदकिशोरला कावीळ झाली. आधी त्यानं अंगावर काढली, मग वाशीच्या दवाखान्यात नेला, मग घरी आणला. फार दिवस लागले नाहीत. पाऊस कोसळत होता. ओट्यावर माणसं जमली, जयमालेला बायांनी धरून ठेवली, काशी आली ती अंगणातच कोसळली. कुणीतरी जाऊन फाटकाची खीळ वर ओढली. पावसानं ती गंजून घट्ट बसली होती, दगडानं ठोकावी लागली. दोन्ही झडपा उघडल्या.

चौघांनी उचललं. पुढचा उजवा खांदा सितारामचाच होता. ते तुळशीपर्यंत आले, आणि समोर गोजराबाई उभी होती. फाटकाच्या मधोमध. डोक्यावर पदर नाही, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं. तिनं दोन्ही हात बाजूला पसरले होते, कोपर न दुमडता, होते तेवढे लांब. तरी ते कुठल्याच खांबापर्यंत पोचत नव्हते.

"नाय जाऊ देनार," ती म्हणाली.

"वयनी, बाजूला हो."

"ही वाट माजी हाय! मी भांडून घेतलीय! वरीसभर शेनातनं चालले मी ह्या वाटेसाठी! ह्याला कोनी सांगितलं हितनं जायाला? माप माजं घेतलंन ना? मग हा कसा जातो? काय न्याय हाय हा? सांगा मना, कोनी पन सांगा, काय न्याय हाय?"

ती देवळाकडे तोंड करून ओरडत होती की सितारामवर की वर पावसावर, ते कुणाला कळलं नाही. पाऊस वाजत होता. चौघंजण उभे होते, आणि खाली ठेवता येत नव्हतं.

"खांदा बदला," ती म्हणाली. "मी हलनार नाय. खांदा बदलत ऱ्हा."

त्यांनी खांदा बदलला. खरंच बदलला. मग जयमाला बायांच्या हातांतून सुटून पुढे आली. तिनं सासूचा पसरलेला एक हात खाली घेतला, मग दुसरा, आणि तिला धरून मोठ्या झडपेच्या आड नेलं. तिथं भिंतीला लागून दोघी उभ्या राहिल्या.

नंदकिशोर गेला तो सरळ गेला. कुठं अडला नाही, कुठं वाकडा झाला नाही.

नंदकिशोर गोटीराम म्हात्रे १९८६ सालच्या आषाढात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कावीळ होऊन वारला. त्याची आई गोजराबाई १९८९ सालच्या माघात वारली.